हळदीचा पुरावा

सुरकुत्यांवरच्या महागड्या क्रीमच्या डबीवर आज हळदीचा अर्क लिहिलेला दिसतो. त्वचेतला रेंगाळणारा दाह म्हातारपण लवकर आणतो आणि हळदीतलं करक्यूमिन तो दाह शमवतं, असं सांगतात. आज आपल्याला त्यातला जुना प्रश्न पाहायचा आहे: हळदीचा गुण आम्हाला ‘माहीत होता’, हे सिद्ध कसं करायचं?

मार्च १९९५. मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला, जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचं अमेरिकन पेटंट मिळालं. आता कापलेल्या बोटावर हळद दाबायला आपल्याकडे कुणी शिकवावं लागतं का? पण तिथल्या तेव्हाच्या कायद्यात परदेशातला नुसता वापर पुरावा ठरत नसे. आजी चालत नव्हती, छापील कागद हवा होता! मग माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने ३२ संदर्भ जमवले. त्यात संस्कृत, उर्दू ग्रंथ होते, तसा इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला १९५३ चा लेखही होता. १९९७ मध्ये पेटंट रद्द ठरलं. प्रत्यक्ष आणि अनुमान बाजूला राहिलं, अमेरिकेत शब्दप्रमाण जिंकलं. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना याची मोठी गंमत वाटते.

पण हे कागद क्रीमच्या बाजूने कुणी पुढे केले, तर आपण ते मान्य करू नयेत. ते जखमेबद्दल बोलतात, सुरकुतीबद्दल नाही. शिवाय करक्यूमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, उजेडात टिकत नाही आणि पिवळे डाग पाडतं. म्हणून क्रीममध्ये पुष्कळदा त्याचं रंगहीन रूप, टेट्राहायड्रोकरक्यूमिन, घालतात. त्याचे प्रयोग त्याला वेगळे दाखवावे लागतील.