कर्ता कोणत्या बाजूला उभा असतो?

‘रामाने रावणावर बाण सोडला’ हे वाक्य वाचून क्षणभर डोळे मिटावेत आणि मनात उमटलेले चित्र न्याहाळावे. राम कोणत्या बाजूला उभा आहे? मराठी वाचकांपैकी पुष्कळांना तो डावीकडे दिसेल आणि बाण उजवीकडे जाताना दिसेल. वाक्यात डाव्या-उजव्याचा उल्लेखही नाही. मग ही दिशा आली कोठून?

या प्रश्नाची चाहूल प्रथम चित्रकलेच्या अभ्यासकांना लागली. राफाएलने १५१५-१६ च्या सुमारास पोपसाठी भिंतीवरील विणीव पडद्यांचे मोठे आराखडे रंगविले. विणकर पडदा मागच्या बाजूने विणीत. त्यामुळे तयार पडद्यात सारे चित्र आरशातल्यासारखे उलटे होई. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हाइनरिख व्योल्फलिन या कलेतिहासकाराने दाखवून दिले की, चित्र उलटे केल्यावर केवळ बाजू बदलत नाहीत, त्याचा भावही बदलतो.

पुढे हा विषय वैद्यकात आला. मेंदूच्या आजाराने वाक्यरचनेची जाण हरपलेल्या एका रुग्णाचा अभ्यास अंजन चटर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केला. कोणी कोणाला काय केले हे सांगताना तो रुग्ण कर्त्याची जागा डावीकडे धरीत असे. निरोगी माणसांना साध्या रेषांची चित्रे काढावयास सांगितली, तेव्हा त्यांचाही कल तसाच दिसला. यावरून हा मेंदूच्या घडणीचाच गुण असावा, असा तर्क पुढे आला.

परंतु हे लोक डावीकडून उजवीकडे वाचणारे होते. अॅन मास आणि ऑरोर रूसो यांनी २००३ मध्ये इटालियन व अरबी भाषकांची तुलना प्रसिद्ध केली, तेव्हा इटालियनांचा कर्ता डावीकडे, तर अरबी भाषकांचा उजवीकडे कललेला आढळला. २००७ मध्ये जर्मन व हिब्रू भाषकांवरील अभ्यासाने आणखी एक दुवा जोडला. प्रौढांचा कल आपापल्या लिपीच्या दिशेने होता. शाळेत न गेलेल्या लहान मुलांत मात्र असा ठाम कल नव्हता. म्हणजे ज्याला आपण मनाचा स्वभाव समजतो, त्यात पाटी-पेन्सिलीचा वाटा फार मोठा आहे.

हे केवळ कुतूहल नव्हे. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात फुटबॉलचा तोच गोल इटालियन प्रेक्षकांना डावीकडून उजवीकडे जाताना अधिक सुंदर वाटला, आणि मारामारी अधिक हिंस्र. अरबी भाषकांचा कौल उलटा होता. आपण निःपक्षपातीपणे डावे-उजवे करतो असे मानतो, तेव्हाही लिपी आपल्या निवाड्यात बोटे घालीत असते.

आम्हा हैदराबादच्या मराठी कुटुंबांना या संशोधनाचे विशेष अगत्य वाटावे, कारण आमच्या वाडवडिलांनी दोन्ही दिशा हाताळल्या. दख्खनमध्ये ही परंपरा जुनी आहे. आदिलशाहीच्या काही द्विभाषी कागदांवर फारसी मजकूर उजवीकडून आणि मोडी मराठी डावीकडून, असे एकाच पानावर नांदतात. निजामाच्या राज्यात १८८० नंतरच्या काळात फारसीची जागा उर्दूने घेतली, आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. १९४८ पर्यंत मराठी मुलगा घरी बालबोध वाची, वडिलांची वही मोडीत पाही आणि कचेरीचा अर्ज उर्दूत लिही.

शिवाय कोणतीही लिपी एका दिशेशी पूर्ण इमान राखीत नाही. उर्दू मजकूर उजवीकडून धावतो, पण त्यातला आकडा डावीकडूनच मांडला जातो. आपल्याकडे उलट: मजकूर डावीकडून, पण शब्दांत सांगितलेला शक उलगडताना ‘अंकानां वामतो गतिः’ हा नियम लावून उजवीकडून डावीकडे यावे लागते. शिलालेख वाचणाऱ्याला ही कसरत नवी नाही.

दोन दिशांत वाढलेल्या त्या पिढीच्या मनातला राम नेहमी एकाच बाजूला उभा राहत नसावा, असे आम्हांस वाटते. ती पिढी आता जवळजवळ राहिलेली नाही. तिचे कागद मात्र अनेक घरांच्या माळ्यावर अजून आहेत, आणि घर बदलताना ‘हे काही वाचता येत नाही’ म्हणून प्रथम त्यांचीच रद्दी होते. पान उलटे धरल्यासारखे वाटले, तरी ते टाकू नये. एखाद्या जाणत्याला दाखवावे. कदाचित त्याच पानावर, दुसऱ्या टोकाकडून, आपल्याच घरची मराठी चालत आलेली असेल.