इटलीतील डोंगरगावे आणि मराठी माणूस

परदेशगमनाचे अप्रूप आता आपल्या मध्यम वर्गास फारसे उरलेले नाही. मुलगा लंडनास अथवा म्युनिकास नोकरीस असतो. त्याच्या निमित्ताने आईबाप समुद्र ओलांडतात, आणि तेवढ्यात रोम, फ्लॉरेन्स व व्हेनिस ही तीर्थेही करून घेतात. परत आलेल्या मंडळींच्या तोंडून एक उद्गार आम्ही हल्ली वारंवार ऐकतो. मोठी शहरे पाहिली खरी, पण मन रमले ते एखाद्या टेकडीवरील लहानशा गावी. तेथे चार खोल्यांचे दगडी घर घेऊन उरलेले आयुष्य काढता आले तर काय बहार होईल! ही इच्छा मोठी गोड आहे. परंतु ती कोठून आली, आणि ज्या भूमीविषयी ती उत्पन्न होते तिच्याशी मराठी माणसाचा पूर्वी काही संबंध आला होता काय, हे पाहण्यासारखे आहे.

ही इच्छा प्रथम आपणांस शिकविली ती इंग्रजी वाङ्मयाने. महाविद्यालयात ब्राउनिंग शिकविताना आसोलो या गावाचे नाव घेतल्यावाचून आमचे कधी भागले नाही. १८३८ साली तरुण ब्राउनिंग व्हेनिसच्या उत्तरेकडील या डोंगरगावी प्रथम गेला आणि त्याच्या प्रेमात पडला. १८४१ सालच्या ‘पिपा पासेस’ या नाट्यकाव्याची भूमी तीच. पुढे विवाहानंतर तो पत्नीसह फ्लॉरेन्स येथे राहिला व १८६१ साली तिच्या मृत्यूनंतर इंग्लंडास परतला. तथापि उतारवयात पुनः आसोलोस गेला, आणि तेथे स्वतःचे घर असावे अशी खटपटही त्याने केली. त्याचा शेवटचा काव्यसंग्रह ‘आसोलांदो’ हे त्या गावाचेच नाव मिरवितो. तो १२ डिसेंबर १८८९ रोजी प्रसिद्ध झाला आणि त्याच दिवशी व्हेनिस येथे कवीचे देहावसान झाले. एवढ्या मोठ्या कवीने ज्या गावावर जीव टाकला ते गाव पाहावे, त्यासारख्या गावी राहावे, असे शिकल्यासवरल्या इंग्रजास वाटू लागले यात नवल नाही.

परंतु ही गावे कोणाच्या सौंदर्यदृष्टीने टेकडीवर चढली नाहीत. खालच्या खोऱ्यांत दलदल आणि हिवताप, आणि रस्त्यारस्त्याने येणारे शत्रूचे सैन्य. या दोहोंच्या भयाने माणसे वर गेली. आपल्या सह्याद्रीवरील गड व ही गावे यांत एक मोठा भेद आहे. आपल्याकडे गडावर किल्लेदार व शिबंदी राही, आणि पेठ व शेतकरी पायथ्याशी. तेथे शेतकरी, लोहार, धर्मगुरू व सरदार हे सगळे एकाच तटाच्या आत दाटीवाटीने राहत. शेतकरी सकाळी खाली शेतावर उतरे व सायंकाळी दिवेलागणीस वर चढे. शेतीची पद्धत आपल्या बटईसारखी होती. जमीन मालकाची, कष्ट कुळाचे आणि पीक निमेनिम. १९६४ साली कायद्याने असे नवे करार करण्यास बंदी केली. पण त्यापूर्वीच तरुण पिढी तूरिन व मिलान येथील कारखान्यांकडे निघून गेली होती. घरे ओस पडली, छपरे ढासळली. ती पडीक घरे इंग्रज, जर्मन व अमेरिकन लोकांनी स्वस्तात घेतली. टस्कनीतील कियांती प्रांत तर इतका इंग्रजाळला की त्यास थट्टेने ‘कियांतीशायर’ म्हणू लागले. सारांश, परक्याच्या आवडत्या डोंगरगावाच्या मुळाशी तेथील शेतकऱ्याचे गाव सोडणे आहे. हौशी मनुष्यास ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही.

आता मराठी माणसाकडे वळू. तो इटलीत गेला तो अगदी निराळ्या वाटेने. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० साली इंग्लंडास गेले. वय अवघे वीस वर्षांचे. त्यांनी राणी व्हिक्टोरियाची भेट घेतली, तेथील संस्था पाहिल्या, आणि प्रवासाची रोजनिशीही ठेविली. ती कॅप्टन वेस्ट यांनी १८७२ साली छापून प्रसिद्ध केली. परतीच्या वाटेवर महाराजांची प्रकृती बिघडली, आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्स येथे त्यांचा अंत झाला. फ्लॉरेन्स त्या वेळी इटलीची राजधानी होती. प्रेत जाळण्याची चाल त्या देशात नव्हती. तरीही नगराधिकाऱ्यांनी खास परवानगी दिली, आणि आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर हिंदु रीतीने दहन झाले. चार वर्षांनी तेथे छत्री उभारली गेली. तीत महाराजांचा रंगीत अर्धपुतळा आहे. जवळच १९७८ साली आर्नोवर मोठा पूल झाला, त्यासही त्या राजपुत्रावरून ‘हिंदी मनुष्याचा पूल’ अशा अर्थाचे नाव पडले. फ्लॉरेन्सचा सामान्य नागरिक रोज हे नाव उच्चारतो. फ्लॉरेन्स पाहून आलेल्या आमच्या स्नेह्यांपैकी मात्र फारच थोडे त्या संगमापर्यंत गेलेले आढळतात.

त्यानंतर सुमारे पाऊण शतकाने मराठी माणसे इटलीत हजारांनी उतरली, ती सैनिक म्हणून. १९४३ ते १९४५ या काळात चौथी, आठवी व दहावी या तीन हिंदी डिव्हिजनांनी त्या देशात युद्ध केले, आणि त्यांत मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी होत्या. १९४४ च्या उन्हाळ्यात फ्लॉरेन्सच्या अलीकडे मोंतेगुफोनी नावाच्या जुन्या गढीत मराठा शिपायांचा तळ पडला. ही गढी सर जॉर्ज सिटवेल या इंग्रज सरदाराने १९०९ साली हौसेने विकत घेतलेली होती. पुढे तो तेथेच राहावयास गेला, आणि युद्धामुळे ती सोडून स्वित्झर्लंडमध्ये १९४३ साली वारला. मालक नाही अशा त्या गढीत फ्लॉरेन्सच्या संग्रहालयांतील अमोल चित्रे सुरक्षिततेसाठी आणून ठेविली होती. बोत्तिचेल्लीचे ‘वसंत’ हे जगप्रसिद्ध चित्र त्यांतच होते. भोवती तोफा चालू असता भिंतीस टेकवून ठेविलेल्या त्या चित्रांच्या सान्निध्यात सातारा-रत्नागिरीकडील शिपाई वावरत होते, आणि चित्रांची निगा पाहू लागले तेव्हा पहारा त्यांच्याकडे आला. ज्या डोंगरी गढीत राहण्याची इंग्रज सरदाराने हौस केली, तिच्यातील ठेव राखण्याचे काम अशा रीतीने मराठी माणसाच्या वाट्यास आले. एरिक लिंक्लेटर या स्कॉच ग्रंथकाराने हा प्रसंग लिहून ठेविला, म्हणून तो आपणांस कळतो. त्या शिपायांनी घरी परतून काय सांगितले ते लिहून घेण्याची बुद्धी आपणांपैकी कोणास झाली असती, तर आज केवढा लाभ झाला असता!

तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मोंतोने हे असेच एक तटबंदीचे डोंगरगाव आहे. पंधराव्या शतकात ब्राच्चो या लढवय्या सरदारामुळे त्याचे नाव झाले. १९४४ च्या जुलैत दहावी डिव्हिजन या खोऱ्यातून उत्तरेकडे सरकत होती. १० जुलै रोजी तिसऱ्या मराठा पलटणीतील नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीवर शत्रूच्या यांत्रिक बंदुकीचा मारा अगदी जवळून झाला, आणि त्यांच्यावाचून तुकडीतील प्रत्येक मनुष्य ठार अथवा जखमी झाला. घाडगे एकटेच त्या मोर्चावर धावले. हातबाँब टाकून बंदूक व तिचा चालक निकामी केला, एकास गोळीने मारले, आणि पुनः गोळ्या भरण्यास सवड नाही असे पाहून उरलेल्या दोघांस बंदुकीच्या दस्त्याने लोळविले. इतक्यात लपलेल्या निशाणबाजांच्या गोळ्या लागून ते पडले. कुलाबा म्हणजे सांप्रतच्या रायगड जिल्ह्यातील माणगाव भागातला हा तरुण, वय बावीस. त्यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची समाधी अथवा थडगे कोठेही नाही. कासिनो येथील स्मारकावर, ज्यांची थडगी सापडली नाहीत अशा चार हजारांहून अधिक वीरांच्या नावांत, त्यांचे नाव आहे. पुढे ९ एप्रिल १९४५ रोजी सेन्यो नदीच्या बांधावर पहिल्या पलटणीचे नामदेव जाधव यांनी दोन जखमी सोबत्यांस गोळीबारातून नदीपार आणून पोचविले, शत्रूचे मोर्चे बंद पाडले, आणि बांधावर उभे राहून छत्रपतींचा जयघोष केला. ते जिवंत परतले, एवढाच काय तो संतोष.

मोंतोनेच्या लोकांनी २०२३ च्या जुलैत घाडगे यांच्या नावाने एक छायायंत्र उभारले. सूर्याच्या छायेने वेळ दाखविणाऱ्या त्या यंत्रावर ‘आपण सारे एकाच सूर्याखाली आहोत’ अशा अर्थाचे लॅटिन वचन कोरलेले आहे. माणगाव कोठे आहे हे त्या गावातील किती जणांस ठाऊक असेल? तथापि जवळजवळ ऐंशी वर्षांनंतर त्यांनी एका परक्या शेतकऱ्याच्या मुलास आपल्या गावचा मानले. आमच्या मते परदेशातील डोंगरगावी खऱ्या अर्थाने वस्ती झालेला मराठी माणूस हाच. घर विकत घेता येते. परंतु गावाने आपले म्हणावे याला पैसा पुरत नाही, आणि नुसती आवडही पुरत नाही.

हा विचार मनात आला म्हणजे आम्हांस भंडारा जिल्ह्यातील आमच्या वैनगंगेची आठवण होते. पवनी तालुक्यात गोसीखुर्द येथे २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांनी धरणाची पायाभरणी केली. भंडारा, नागपूर व चंद्रपूर या जिल्ह्यांतील अडीच लाख हेक्टर जमीन भिजविण्याचा संकल्प होता. २००९ साली त्यास राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. तेहतीस दरवाजांमागे पाणी अडले, आणि वरच्या बाजूची नदीकाठची गावे उठली. धानाची बांधी, घाट, देवळाचा पार, उन्हाळ्यात नदीच्या रेतीत होणाऱ्या टरबुजांच्या वाड्या, ढिवरांचे डोह हे सर्व पाण्याखाली गेले. माणसे नव्या गावठाणांत गेली. तेथे रस्ते सरळ आहेत, भूखंडांस क्रमांक आहेत. इटलीतील शेतकरी पोटासाठी आपण होऊन टेकडी उतरला. आमच्या शेतकऱ्यास उतरविण्यात आले. शेतास पाणी हवे हे आम्ही नाकारीत नाही. झाडीपट्टीच्या धानकऱ्यास पाण्याचे मोल दुसऱ्याने शिकवावयास नको. परंतु पाण्यासाठी ज्यांनी गाव दिले त्यांच्या गावांची आठवण कोण ठेवणार, हा प्रश्न उरतोच.

मोंतोनेने एका मनुष्याचे नाव दगडावर कोरले. आपणांस संपूर्ण गावांची नावे जपावयाची आहेत. शेतांची नावे, पांदणी, मंडईचा दिवस, दंडारीतील पात्रे, कोणत्या घाटावर कोणाचा मान, हे सर्व आज साठी-सत्तरीत असलेल्या माणसांच्या स्मृतीत आहे, आणि ती पिढी उठली की लेखी काही उरणार नाही. जिल्ह्यातील महाविद्यालयांनी एकेका विद्यार्थ्याकडे एकेक गाव दिले तर दोन उन्हाळ्यांत हे काम होईल. त्यास सरकारी अनुदान लागत नाही. वही, लेखणी व ऐकण्याची तयारी एवढे पुरे.

इटलीस जाणाऱ्यांनी जरूर जावे. मात्र आर्नोच्या संगमावरील छत्री पाहावी, मोंतोनेचे छायायंत्र पाहावे, आणि तेथे मराठीतून दोन शब्द बोलून यावे. परत आल्यावर मुलाबाळांस घेऊन एकदा गोसीखुर्दच्या बांधावर जावे, आणि समोरच्या पाण्याखाली कोणकोणती गावे होती हे नव्या गावठाणातील एखाद्या वृद्धास विचारावे. तो ती नावे एकामागून एक सांगेल. ती लिहून घ्यावी.