चित्रातील म्हातारा कोण?

अमेरिकेतील फिलाडेल्फिया कला संग्रहालयात एका वृद्ध कृष्णवर्णी माणसाचे तैलचित्र आहे. डोक्यावर विणलेली टोपी, अंगात जाड कोट आणि ओठांवर मिस्कील हसू. चित्रकार चार्ल्स विल्सन पील. याने वॉशिंग्टनची चित्रे काढली, म्हणून हा म्हातारा म्हणजे वॉशिंग्टनचा खास नोकर बिली ली असावा, असे पुष्कळ वर्षे मानले जात होते. थोरामोठ्यांच्या पदरी असल्याखेरीज गरिबाचे चित्र कोण काढणार, अशी आपलीही समजूत असतेच की!

पुढे विसाव्या शतकात पीलचे चरित्रकार आणि वंशज चार्ल्स कोलमन सेलर्स यांनी खरी ओळख पटवली. आधार पीलच्याच रोजनिशीचा. जानेवारी १८१९ मध्ये सत्त्याहत्तर वर्षांचा पील जॉर्जटाउन गावी एका म्हाताऱ्याच्या घरी गेला व त्याचे चित्र काढले, अशी त्यात नोंद आहे. त्याचे नाव यारो मामूत. लोक त्याचे वय सव्वाशेच्या वर सांगत. पीलने जुन्या मालकिणीकडे जाऊन चौकशी केली. आज अभ्यासक ते त्र्याऐंशीच्या आसपास धरतात.

यारो हा पश्चिम आफ्रिकेतील मुसलमान. १७५२ साली गुलाम म्हणून त्याला मेरीलँडमध्ये आणले. विटा पाडण्यात तो तरबेज होता. मालक म्हणाला, "माझ्या नव्या घराच्या विटा पाडून दे, तुला मोकळा करीन." यारोने विटा पाडल्या, पण घर होण्यापूर्वीच मालक वारला. दिलेला शब्द विधवा मालकिणीने पाळला आणि १७९६ मध्ये यारो मुक्त झाला. तेव्हा तो साठीला टेकला होता.

पालकहो, पुढचे ऐका. मोलमजुरी करून त्याने शंभर डॉलर जमवले व एका व्यापाऱ्याकडे ठेवले. ते बुडाले. पुन्हा जमवले, तेही बुडाले. तिसऱ्या खेपेस मात्र त्याने बँकेचे शेअर घेतले. जॉर्जटाउनमध्ये स्वतःचे घर तर त्याने १८०० सालीच घेतले होते. रस्त्याने तो मोठ्याने अल्लाची स्तुती गात जाई, हेही पीलने टिपून ठेवले आहे.

ही रोजनिशी नसती, तर तो बिली लीच राहिला असता. २०११ मध्ये संग्रहालयाने चित्र विकत घेतले, ते यारोच्याच नावाने. १८२३ च्या जानेवारीत तो वारला. बागेच्या ज्या कोपऱ्यात तो नमाज पढत असे, तिथेच त्याला दफन केले.