भूविज्ञानाचे दूरस्थ अध्यापन : लाकडी नमुन्यापासून आभासी डोंगरापर्यंत

भूविज्ञान चार भिंतींच्या आत शिकविता येत नाही, ही या शास्त्राच्या अध्यापकांची जुनी श्रद्धा होय. केंब्रिज येथे १८१८ पासून प्राध्यापकपद भूषविणारे ॲडम सेजविक विद्यार्थ्यांना घेऊन घोड्यावरून रपेट करीत आणि वाटेत लागणाऱ्या स्तरांवर व्याख्यान देत. ज्याने सर्वाधिक खडक पाहिले तोच श्रेष्ठ भूवैज्ञानिक, हे एच. एच. रीड यांचे मत तर या वर्तुळात म्हणीसारखे रूढ झाले आहे. तथापि सेजविकांच्या मागे जावयास घोडा बाळगण्याची ऐपत लागे, आणि केंब्रिजचे दार त्या काळी स्त्रियांना बंद होते. क्षेत्राध्ययनाची थोरवी गाताना ही बाजू सहसा विसरली जाते.

जो डोंगरावर जाऊ शकत नाही त्याच्यापर्यंत डोंगर आणावयाचा, हा खटाटोपही नवा नव्हे. खाणींचे मोजणीदार टॉमस सॉपविथ यांनी १८४१ मध्ये भूवैज्ञानिक रचनांचे लाकडी नमुने विक्रीस काढले. निरनिराळ्या रंगांच्या लाकडांचे थर एकावर एक चिकटवून त्यांवर दऱ्या कोरलेल्या होत्या. वरच्या पृष्ठावर थराचा दृश्यांश कोणत्या वळणाने जातो आणि बाजूच्या छेदात तोच थर कसा कलता दिसतो, हे नमुना हातात फिरवून ताडता येई. सपाट कागदावरील नकाशा जे पुष्कळ प्रयासांनी समजावतो, ते येथे बोटांना कळे. नमुना कोणत्या बाजूने पाहावयाचा हे पाहणारा ठरवी, एवढे ध्यानी ठेवावे. पुढील इतिहासाचा कस याच मुद्द्यावर लागतो.

ब्रिटनमधील मुक्त विद्यापीठास १९६९ मध्ये सनद मिळाली व जानेवारी १९७१ मध्ये अध्यापन सुरू झाले. तेथील भूविज्ञानाचे पहिले प्राध्यापक इयन गॅस यांनी सायप्रसमधील ट्रूडॉस पर्वत हा प्राचीन सागरतळाचा तुकडा असावा, असे १९६८ मध्ये मांडले होते. त्यांच्या सहसंपादनाखाली १९७१ मध्ये निघालेला ‘अंडरस्टँडिंग द अर्थ’ हा लेखसंग्रह विज्ञानाच्या प्रारंभिक पाठ्यक्रमाच्या जोडीने वाचावयाचा होता. भूपट्ट-सिद्धान्त विद्यापीठांतून नुकता कोठे स्थिरावत असताना तो घरी बसून शिकणाऱ्या नोकरदारांच्या हाती पडला, ही घटना लहान नव्हे. दूरचित्रवाणीवर पाठ होत. परंतु त्या विद्यापीठाने केवळ चित्रावर भिस्त ठेवली नाही. प्रयोगसाहित्याची पेटी टपालाने घरपोच जाई, तीत मॅकआर्थर यांच्या रचनेचा छोटा प्लॅस्टिकचा सूक्ष्मदर्शक असे. शिवाय आठवडाभराच्या उन्हाळी वर्गास हजर राहावे लागे.

आभासी साधनांचा खरा प्रश्न उपस्थित झाला तो सूक्ष्मदर्शकच संगणकावर आला तेव्हा. खडकाचा सुमारे ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप काटकोनात ठेवलेल्या दोन ध्रुवकांमध्ये धरून फिरविला, की त्यातील बहुतेक खनिजांचे कण एका पूर्ण फेऱ्यात चार वेळा काळोखतात. कणाच्या पाटनरेषा आणि ही काळोखाची स्थिती यांमधील कोन ऑजाइटमध्ये मोठा, तर हॉर्नब्लेंडमध्ये बराच लहान असतो. खनिजाची ओळख अशी फिरविण्याच्या क्रियेतून पटते. स्थिर छायाचित्रातून ती पटत नाही. मुक्त विद्यापीठाच्या आभासी सूक्ष्मदर्शकाने ही अडचण ओळखली होती. त्यात संपूर्ण काप सरकविता येतो, लहानमोठा करता येतो, साध्या व छेदित ध्रुवित प्रकाशात पाहता येतो. आणि काही ठरावीक बिंदूंपाशी फिरविताही येतो.

पण हे बिंदू अध्यापकाने निवडलेले असतात. ज्या कणात लक्षण स्पष्ट दिसते तोच तेथे फिरतो. प्रयोगशाळेतील विद्यार्थ्यास मात्र दहा निरुपयोगी कण चाळून अकराव्यापाशी थांबावे लागते, आणि हे थांबणे हेच त्याचे शिक्षण असते. अर्थात एका सूक्ष्मदर्शकाभोवती पाच जण दाटीने उभे असतील व काप ओरखडलेला असेल, तर त्या शिक्षणाची महती फार सांगण्यात अर्थ नाही. अपोलो मोहिमांनी आणलेल्या चांद्रशिळांचे काप संगणकावर कोणासही खुले झाले आहेत. असा काप एखाद्या सामान्य महाविद्यालयाच्या कपाटात कधीच आला नसता.

सूक्ष्मदर्शकामागून डोंगर आला. उत्तर इंग्लंडमधील ९३१ मीटर उंचीच्या स्किडॉ पर्वताची त्रिमितीय प्रतिकृती याच विद्यापीठाने केली. ऑर्डोव्हिसियन काळातील तेथील पाटीच्या दगडात ग्रॅनाइट घुसला व त्याच्या उष्णतेने भोवतालचा खडक रूपांतरित झाला. ग्रॅनाइटकडे चालत जावे तसतसे खडकात नवे स्फटिक दिसू लागतात व त्याची पाटीसारखी फुटण्याची प्रवृत्ती लोपते. आभासी स्किडॉवर विद्यार्थी निवडक ठिकाणी फिरतो, हवेत उडून वरूनही पाहतो, भूप्रदेशावर भूवैज्ञानिक नकाशा पांघरतो. प्रत्यक्ष डोंगरावर हे घडत नाही व घडते तर बरे झाले असते, हे कोणीही मान्य करील. मात्र उडून जाणाऱ्यास रूपांतरणाचा पट्टा किती रुंद आहे हे पायांनी कळत नाही.

मार्च २०२० नंतर कोविडच्या साथीमुळे भारतात काय किंवा युरोपात काय, क्षेत्राध्ययनाचे दौरे थांबले आणि आजवर पूरक मानलेली साधने एकाएकी मुख्य झाली. घाईघाईने जे तयार झाले त्यातील पुष्कळसे सचित्र व्याख्यानच होते : पुढचे चित्र, त्याखाली मजकूर, पुन्हा पुढचे चित्र. याउलट लीड्स विद्यापीठात रचलेल्या काल्पनिक आभासी प्रदेशात दृश्यांश विद्यार्थ्यानेच शोधावयाचे असतात. तेथे नती मोजून नोंदवावयाची आणि दोन दृश्यांशांमधील न दिसणारी सीमारेषा स्वतःच्या जबाबदारीवर काढावयाची. ती चुकली तर परत मागे जावे लागते. हा प्रदेश पृथ्वीवर कोठेही नाही. तरीही आखीव वाटेने नेऊन आणलेल्या एखाद्या प्रत्यक्ष सहलीपेक्षा नकाशा करण्याचे काम येथे अधिक शिकता येते, असे म्हणावयास प्रत्यवाय नसावा. चाकांच्या खुर्चीवर बसणाऱ्या किंवा घरची जबाबदारी सोडून आठवडाभर बाहेर राहू न शकणाऱ्या विद्यार्थ्यास तर ही रेषा स्वतः काढण्याची पहिली संधी कित्येकदा येथेच मिळाली.