तिवरांमागचं घर

पायताणं हातात घ्या. इथून पुढे चिखल आहे आणि ओहोटी अजून तासभर चालेल. साल 1905 च्या आसपासचं. माहुल अजून मुंबईत आलेलं नाही, ते ठाणे जिल्ह्याच्या साष्टी तालुक्यात आहे. पाठीशी तुर्भ्याचा डोंगर, पुढे तिवरं. त्यांच्या मुळांचे टोकदार कोंब चिखलातून वर आलेले. तुम्ही पाऊल टाकलंत की निवट्या टुणकन बाजूला उडतात. मिठागराच्या बांधावर कुठेच दिवा नाही.

टिटवी ओरडते. तुमच्या पुढे चालणारा कोळी थांबतो, पुटपुटत देवाचं नाव घेतो आणि खालच्या आवाजात सांगतो, त्या तिवरांमागच्या घराकडे बघू नका.

तुम्ही नेमके तिकडेच जाता. झापांची खोपटी, दारात एक म्हातारी. नवरा समुद्रात गेला तो परत आला नाही. आता ती लोकांची फाटकी जाळी शिवून पोट भरते. तिच्या हातांकडे नीट बघा. उजव्या हातात तागाचं सूत गुंडाळलेली बांबूची सुई, डाव्या हातात बोटभर रुंदीची पट्टी. सूत पट्टीवरून जातं, वरच्या आसातून निघतं, गाठ बसते, पट्टी पुढे सरकते. त्या पट्टीमुळे एक आस दुसऱ्यापेक्षा मोठा होत नाही. तिची नजर मात्र खाडीवर, पाणी कधी फिरतं तिकडे. “बस बाला, पानी पी,” ती म्हणते. आढ्याला वेखंड आणि निर्गुंडीच्या जुड्या टांगलेल्या. गावातली निम्मी पोरं हिच्या हातांत जन्मली आहेत, आणि गाव घाबरतं ते हिलाच.

का, ते दोन घरं पलीकडे कळेल. तिथे एक मूल तापाने फणफणलं आहे. 1896 साली मुंबईत मांडवीला प्लेग सापडला, तेव्हापासून कुठलाही ताप आला की लोकांचे चेहरे उतरतात. भगत आला आहे. सुपातले तांदूळ चिमटीने उचलतो, मोजतो, पुन्हा टाकतो. मग अंगात आल्यासारखा घुमतो आणि हात तिवरांच्या दिशेला करतो. मुलाची आजी किंचाळते, “चेटकीन!” तुम्ही अंगणात उभे आहात, पण तुमचा आवाज या काळात कुणाला ऐकू जात नाही.

याच सुमारास ए. एम. टी. जॅक्सन नावाचा इंग्रज अधिकारी मुंबई इलाख्यातल्या शाळामास्तरांकडून लोकसमजुतींची माहिती गोळा करत होता. 1909 मध्ये नाशिकला त्याचा खून झाला. पुढे आर. ई. एन्थोवेन यांनी ते साहित्य लावून 1915 मध्ये कोकणच्या लोकसमजुतींचं पुस्तक केलं. त्यातल्या आणि आपल्या आज्यांच्या तोंडच्या भुतांची नावं एकत्र वाचावीत. बाळंतपणात मेली ती हडळ. सवाष्ण मेली ती जखीण. विधवा मेली ती लावसट. मुंजा, खवीस, समंध ही पुरुषभुतंही आहेत, बुडालेल्यांचा गिऱ्हा आहे. पण बाई कुठल्या अवस्थेत मेली त्याची एवढी बारीक नोंद ठेवणारं गाव ती जिवंत असताना तिच्या बाळंतपणाची किती काळजी घेत होतं, हा प्रश्न मला सोडत नाही. आणि हडळ होण्यापासून बायकांना जी वाचवत होती, तीच जिवंतपणी चेटकीण ठरली.

आता भरती चढू द्या. पाणी घोट्याला लागेल तेव्हा 1955 उजाडलेलं असेल. एक तेलशुद्धीकरण कारखाना आदल्या वर्षी सुरू झाला, दुसरा आत्ता. चिमणीच्या ज्वाळेने रात्र तांबूस झाली आहे, तिवरं कापून रस्ते आले आहेत. हडळीला हवा तो काळोख उरलेला नाही. 4 ऑगस्ट 1956 ला याच तुर्भ्याच्या किनाऱ्यावर एका हौदातल्या पाण्यात निळा प्रकाश उजळतो. सोव्हिएत संघ वगळता आशियातल्या त्या पहिल्या अणुभट्टीचं नाव अप्सरा. आणि विहिरीत डोकावायला मुलांना अजून मनाई आहे, पाण्यातल्या अप्सरा, म्हणजे साती आसरा, ओढून नेतील म्हणून.

पुढे चला. 1990 च्या दशकात माहुल-शिवडीच्या चिखलात हजारो रोहित पक्षी उतरू लागतात, आणि ज्या दलदलीकडे बघू नका म्हणायचे तिथे लोक दुर्बिणी घेऊन येतात.

20 ऑगस्ट 2013. पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून होतो. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले, त्याचा अध्यादेश काही दिवसांतच निघतो आणि डिसेंबरात विधिमंडळ कायदा मंजूर करतं. अनुसूची उघडा. एखादी व्यक्ती करणी करते, जादूटोणा करते, रोगराई पसरवते असं भासवून तिचं जगणं मुश्कील करणं हा गुन्हा. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड 5,000 ते 50,000 रुपये. नंदुरबारच्या सातपुड्यात बायकांना डाकीण ठरवणं अजून थांबलेलं नाही. गुन्हा दखलपात्र आहे. फिर्याद त्या बाईनेच दिली पाहिजे असं नाही. अंगणात उभं राहून बघणारा कुणीही पोलीस ठाण्यात जाऊन देऊ शकतो.