मूठ पाहावी

कुपवाडच्या आमच्या घरी खंडेनवमीला आजीची विळी अन् पणजोबांची कट्यार एकाच पाटावर पूजेला मांडीत. धार दोघींनाही, मग फरक कोणता? मी विचारी. आजी म्हणे, "मूठ पाहा."

विळीला मूठच नाही! ती पाटावर स्थिर. भाजीच तिच्याकडे जाते. कट्यारीची आडवी मूठ मात्र ठोशाचे सारे बळ टोकात उतरवते. टोकही जाड, चिलखताच्या कड्या फोडणारे. बिचव्याची मूठ म्हणजे बोटांभोवतीचे कडे, झटापटीत न निसटणारे. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाचा वार चिलखतावर अडला. शिवरायांच्या बिचव्याचा नाही.

आज आमची कट्यार पेटीत निजली आहे. विळी मात्र चिवड्यासाठी खोबऱ्याचे काप करते आहे. हेच स्वराज्याचे फळ, नाही का?