गंगाथडी: परभणीचा काठ आणि माळ

परभणी जिल्ह्यातल्या खेड्यांत गोदावरी हे नाव शाळेच्या पुस्तकात भेटतं. बोलण्यात ती गंगाच. पूर आला की 'गंगा आली', दशक्रियेला 'गंगेवर' जायचं, आणि नदीकाठची काळीभोर रानं म्हणजे गंगाथडी. भीमेकाठची ती भीमथडी, गोदेकाठची ती गंगाथडी. भीमथडी तिच्या तट्टांमुळे मराठी वाचकाच्या लक्षात राहिली. गंगाथडीकडे मात्र फारसं कुणी वळून पाहिलं नाही.

 परभणीला काठ आणि माळ यांची जोडी लाभली आहे. उत्तरेला जिंतूरचे डोंगर, दक्षिणेला बालाघाटाच्या रांगा, आणि मधल्या काळ्या मातीतून वाहणाऱ्या गोदावरी, पूर्णा आणि दुधना. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं इथली माणसं अभिमानानं म्हणतात. त्या अभिमानाला इतिहासाचा चांगला आधार आहे, आणि त्याचा बराचसा भाग नदीपासून फार लांब नाही.

पाथरीचंच पाहा. बहमनी सुलतान अहमदशहाच्या फौजेनं विजयनगरच्या मोहिमेत एक मुलगा पकडला. त्याचं घराणं मूळचं पाथरीच्या कुलकर्ण्यांचं, नाव तिमाभट, असं इतिहासकार फिरिश्ता सांगतो. हाच मुलगा पुढे मलिक हसन नावानं बहमनी दरबारात मोठ्या पदाला पोहोचला, आणि त्याच्या मुलानं, अहमद निजामशहानं, 1490 मध्ये निजामशाही उभी केली. राज्य मिळालं, पण पाथरी मिळाली नाही. ती वऱ्हाडच्या इमादशाहीत होती. आजोबांचं गाव आपल्याकडे यावं म्हणून अहमदच्या मुलाच्या, बुऱ्हाण निजामशहाच्या, दरबारातून इमादशहाला अदलाबदलीचा निरोप गेला: पाथरी द्या, बदल्यात दुसरा मुलूख घ्या. इमादशहानं नकार दिला. 1518 मध्ये निजामशाही फौजेनं पाथरी जिंकली. पुढे इमादशहानं ती कुतुबशहाच्या मदतीनं परत घेतली, आणि 1527 मध्ये बुऱ्हाणनं पुन्हा काबीज केली.

विशेष म्हणजे इमादशाहीचा संस्थापक फतहुल्लाही विजयनगरच्या मोहिमेत पकडलेला हिंदू मुलगाच होता. अशा दोन घराण्यांनी एका गावासाठी वर्षानुवर्षं तलवारी उपसल्या. दख्खनच्या इतिहासात किल्ल्यांसाठी, खजिन्यासाठी झालेल्या लढाया पुष्कळ आहेत. वतनाच्या ओढीनं झालेली ही लढाई त्या सगळ्यांपेक्षा माणसाच्या जवळची वाटते. पुढे वऱ्हाड मोगलांकडे गेलं तेव्हा पाथरी हे त्या सुभ्यातलं एक सरकार, म्हणजे आजच्या भाषेत जिल्ह्याएवढा विभाग होतं. 'आईन-ए-अकबरी'त त्याची नोंद आहे. आज पाथरीला येणारे बहुतेक जण साईबाबांचं जन्मस्थान म्हणून येतात. त्या दाव्यावरून जानेवारी 2020 मध्ये शिर्डीकरांनी गाव बंद ठेवलं होतं.

या राजांआधीही इथल्या वाटा वाहत्या होत्या. जनाबाईचा जन्म गंगाखेडचा. लहानपणीच ती पंढरपूरला नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी गेली आणि नामदेवांच्या घरची होऊन राहिली. गंगाखेडला गोदाकाठी तिचं मंदिर आहे. अस्थिविसर्जनासाठी आणि दशक्रियेसाठी आजूबाजूच्या तालुक्यांतून माणसं इथल्याच घाटावर येतात. शेगावहून पंढरपूरला निघालेली गजानन महाराजांची पालखी परभणीवरून येते, गोदावरी ओलांडून गंगाखेडला पोहोचते आणि परळीची वाट धरते.

याच गंगाखेड तालुक्यात धारासूरला गुप्तेश्वराचं यादवकालीन धाटणीचं मंदिर उंच जोत्यावर उभं आहे. भिंतींवर सुरसुंदरींच्या मूर्ती आहेत. त्याच्या जतनासाठी गावकरी अनेक वर्षं पाठपुरावा करत आले. पाथरी तालुक्यातल्या मुदगलचं मुदगलेश्वर मंदिर तर थेट नदीच्या पात्रात आहे. मोठा पूर आला की ते पाण्याखाली जातं, आणि पाणी ओसरलं की पुन्हा पूजा सुरू होते. माळाकडे, जिंतूर तालुक्यात, नेमगिरीची जैन लेणी आणि चारठाण्याची दगडी मंदिरं आहेत.

मग हे सगळं मागे कसं पडलं? याचं उत्तर रुळांत सापडतं. निजामाच्या राज्यात 1900 च्या सुमाराला हैदराबाद ते मनमाड मीटरगेज रेल्वे झाली. तिचं नाव हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे, पण या जिल्ह्यात ती गोदावरीपासून लांबच राहिली. सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा अशी तिची स्थानकं नदीच्या उत्तरेला पडली. मानवतच्या कापसाच्या पेठेलाही स्थानक गावाबाहेर मिळालं. कापूस, ज्वारी, व्यापारी, अंमलदार सगळे रुळांकडे सरकले आणि काठावरची जुनी गावं आडवाटेला गेली. जिल्ह्याचं ठाणं रेल्वेवरच्या परभणीत होतंच. 18 मे 1972 रोजी कृषी विद्यापीठही तिथेच आलं.

नदीही पहिल्यासारखी राहिली नाही. पैठणला जायकवाडी झालं आणि गोदेचं पाणी डाव्या कालव्यातून परभणीच्या शेतात आलं. मूळ पात्र मात्र उन्हाळ्यात कोरडं पडू लागलं. पुढे ढालेगाव, तारुगव्हाण, मुदगल आणि डिग्रस इथे बंधारे बांधले. त्यांच्या मागे आता पाणी थांबतं.

ही गंगाथडी पाहायला दिवाळीनंतरचे दिवस चांगले. बंधाऱ्यांत पाणी असतं आणि रानात ज्वारी हिरवी असते. परभणीला उतरावं आणि परळीच्या गाडीत बसावं. गंगाखेड येण्याआधी पूल लागतो; तेवढ्यापुरतं खिडकीशी उभं राहावं, खाली गंगा दिसते.